बूट आणि ठसा जुळत नाहीत, कारण बूट दोन होते

बडोद्यातल्या आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दोन फोटो फिरताहेत: चंद्रावरचा आडव्या पट्ट्यांचा ठसा आणि संग्रहालयातल्या आर्मस्ट्राँग यांच्या बुटाचा सपाट तळ. त्यावरून १९६९ची चांद्रमोहीम खोटी ठरवली जातेय.

फोटो दोन्ही खरे आहेत, निष्कर्ष साफ चुकीचा. संग्रहालयात आहे तो पोशाखाचा आतला हवाबंद बूट. यानाबाहेर पडण्याआधी त्यावर दुसरा बूट चढवत. त्याला सिलिकॉन रबराचा पट्ट्यांचा जाड तळ आणि वर धातूच्या तारांचं विणलेलं कापड. परतताना वजन कमी करायचं होतं, सुमारे २१.५ किलो दगडमाती आणायची होती. म्हणून हे बाहेरचे बूट पाठीवरच्या प्राणवायूच्या संचांसह यानाच्या दारातून खाली टाकले. ते आजही तिथेच आहेत. शिवाय तो प्रसिद्ध ठसा आर्मस्ट्राँग यांचा नाही, त्यांच्यासोबत चंद्रावर उतरलेल्या ऑल्ड्रिन यांचा आहे.

ओलावा नसताना ठसा इतका रेखीव कसा? परातीत कोरडी कणीक पसरून चपलेचा तळ दाबून पाहा, रेघ न् रेघ उठते. नदीच्या वाळूत कडा ढासळतात, कारण तिचे कण मोठे आणि घासून गोल झालेले. चंद्रावर वारा-पाणी नाही. तिथली धूळ बारीक आणि टोकदारच राहते, कण एकमेकांत अडकतात.