जेहान पोचला नाही, म्हणजे नेमका कुठे?

दर रविवारी ठाण्याहून काकांचा फोन येतो. गुडघे, पाऊस, सोसायटीच्या पुनर्विकासाची मीटिंग हे सगळं आटोपलं की एक प्रश्न ठरलेला: "तो आपला गाड्यांच्या शर्यतीतला दारूवाला, त्याचं पुढे काय झालं रे?" मी सांगतो. काका शांतपणे ऐकून घेतात आणि निकाल देतात, "म्हणजे फॉर्म्युला वनला नाहीच पोचला शेवटी." जणू शेजारचा मुलगा जेईईत राहिला.

मी इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टनशायरमध्ये राहतो, सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीच्या ट्रॅकपासून गाडीने वीस मिनिटांवर. इथे कुणाला हा प्रश्न असा विचारताना मी ऐकलेलं नाही, आणि म्हणूनच काकांच्या त्या 'पोचला'शी मला भांडावंसं वाटतं.

जेहान दारूवाला मुंबईचा, 1998 चा जन्म. 2011 मध्ये फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाने देशभरातून पोरं हेरली, त्यात हा निवडला गेला आणि कार्टिंगसाठी, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींसाठी, ब्रिटनला आला. 2013 मध्ये इथल्या केएफ थ्री या कार्टिंग गटाचं विजेतेपद. 2019 ला एफआयए फॉर्म्युला थ्रीमध्ये, फॉर्म्युला वनच्या दोन पायऱ्या खाली, तिसरा. मग वनच्या लगेच खालच्या पायरीवर, फॉर्म्युला टूमध्ये, चार हंगाम; त्यातले पहिले तीन रेड बुलचा ज्युनियर चालक म्हणून. डिसेंबर 2020 मध्ये बहारिनच्या साखिर ट्रॅकवर तो जिंकला, फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय. 2022 मध्ये मॅकलारेनने त्याला आपली फॉर्म्युला वनची गाडी चाचणीसाठी चालवायला दिली. आणि 2024 मध्ये मासेरातीच्या संघातून तो फॉर्म्युला ई चा, म्हणजे विजेवरच्या गाड्यांच्या शर्यतींचा, अख्खा हंगाम धावला.

आता खरं ते बोलू. 2020 मध्ये कार्लिन संघात त्याच्या शेजारच्या गाडीत युकी त्सुनोदा होता. त्सुनोदा हंगामात तिसरा आला आणि पुढच्याच वर्षी फॉर्म्युला वनमध्ये गेला. जेहान बारावा. गाडी तीच, संघ तोच. त्यानंतरही तो जिंकला, पण लागोपाठ जिंकला नाही, आणि वर जायचं तर सातत्य लागतं. "परदेशी लोकांनी आपल्या पोराला वर येऊ दिलं नाही" असं कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी लिहिलं की मी वाचून गप्प बसतो, पण ते मला पटत नाही.

मात्र हरला म्हणायलाही मी तयार नाही. 2025 पर्यंत फॉर्म्युला वनमध्ये जगभरात मिळून जागा होत्या वीस. 2022 ची फॉर्म्युला टू ब्राझीलच्या फेलिपे द्रुगोविचने जिंकली, तरी पुढच्या हंगामात त्याला त्या विसांत जागा नव्हती. राखीव चालक म्हणून तो गॅरेजमध्ये हेडफोन लावून उभा. 2019 चा विजेता नीक दे व्रीस फॉर्म्युला ई मध्ये जगज्जेता झाला, 2023 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पूर्णवेळ आला आणि दहा शर्यतींनंतर त्याला नारळ मिळाला. मग तो महिंद्राच्या फॉर्म्युला ई संघात गेला. इथल्या पबमध्ये त्याला कुणी 'फसलेला' म्हणत नाही. गाडी चालवणं हा त्याचा पेशा आहे, एवढं लोकांना पुरतं.

आपल्याकडे वाद वेगळाच रंगतो. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस चेन्नईत रस्ते बंद करून फॉर्म्युला फोरची, म्हणजे या शिडीच्या खालच्या पायरीची, रात्रीची शर्यत झाली. सरकारी पैसा यात का, म्हणून लोक थेट उच्च न्यायालयात गेले. प्रश्न रास्तच होता. मला चीड येते ती समर्थकांच्या उत्तराची, की यातूनच उद्याचा भारतीय फॉर्म्युला वन चालक घडेल. दोन दिवस बॅरिकेड लावून चालक घडत नसतो. हैदराबादचं बघा. फेब्रुवारी 2023 मध्ये हुसेन सागरच्या काठी फॉर्म्युला ई ची शर्यत झाली, गर्दीही झाली. मग सरकार बदललं आणि जानेवारी 2024 मध्ये, शर्यत महिन्यावर आलेली असताना, ती रद्द झाली. त्या वर्षी त्या ताफ्यात एकमेव भारतीय होता जेहान. त्याची घरची शर्यत अशी गेली. काकांच्या कानावर हे आलंच नव्हतं.

इथलं काही आदर्श आहे असं समजू नका. हा खेळ इथेही पैसेवाल्यांचाच आहे. फॉर्म्युला टूच्या एका हंगामाला वीस-तीस कोटी रुपये लागतात असं म्हणतात, आणि ते बहुतेक चालकानेच आणायचे. फॉर्म्युला वन चालक एस्तेबान ओकॉनच्या आईवडिलांनी घर विकलं आणि कॅराव्हॅनमध्ये राहिले. लुईस हॅमिल्टनचे वडील एका वेळी अनेक नोकऱ्या करत होते. हे कौतुकाने सांगतात, मला तर ऐकून धडकीच भरते.

फरक आहे तो खालच्या पायऱ्यांवर. डॅव्हेंट्रीजवळ व्हिल्टन मिल नावाचा कार्ट ट्रॅक आहे. मागच्या मार्चमध्ये शेजाऱ्यासोबत गेलो होतो. बारीक पाऊस, चिखल, तळलेल्या बेकनचा वास. व्हॅनच्या मागच्या दारात एक वीजमिस्त्री बाप गुडघ्यावर बसून टायरची हवा मोजत होता. सुके टायर ठेवायचे की पावसाळी, हे ठरत नव्हतं. नऊ वर्षांचा मुलगा हेल्मेट मांडीवर घेऊन उलट्या क्रेटवर बसलेला. पावसाळी टायर लावले, नेमका पाऊस थांबला, पोरगा अकरावा आला. बाप एवढंच म्हणाला, "माझी चूक." मग दोघांनी सँडविच खाल्लं. माझा शेजारी निवृत्त पोस्टमन; तो दरवर्षी सिल्व्हरस्टोनला नारिंगी कपडे घालून, चालकांना इशारे द्यायला, फुकट झेंडे हलवतो. सिल्व्हरस्टोन तरी काय, महायुद्धातली बॉम्बर विमानांची धावपट्टी, तिच्यावर 1948 पासून लोक गाड्या पळवतायत.

असं काही आपल्याकडे मुळीच नाही असं नाही. कोल्हापुरात मोहित्यांचा कार्ट ट्रॅक आहे, आणि कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक इथे ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये धावून गेला. कुस्ती आणि फुटबॉलच्या गावाला हेही जमलं. चेन्नईच्या त्या रात्रीवर झाला तेवढा वाद अशा एखाद्या ट्रॅकवर झालेला मी तरी ऐकला नाही.

परवा काकांना म्हटलं, "बंगळुरूचा कुश मैनी मे 2025 मध्ये मोनॅकोत फॉर्म्युला टूची शर्यत जिंकला. तिथे जिंकणारा पहिला भारतीय. माहिती होतं तुम्हाला?"

"मोनॅको म्हणजे ते राजाचं गाव?"

"तेच. अरुंद रस्ते, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे. चूक झाली की थेट कठड्यात."

काका थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "घोडबंदर रोडसारखं म्हण की." आणि त्या दिवशी पहिल्यांदाच, तो पुढे पोचेल का, हे विचारायचं विसरले.