आरसा डावं-उजवं करत नाही, हे मी अजूनही म्हणतोय

सर, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा जरा राग आला. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर मोजपट्टी घेऊन आरशासमोर जाऊन उभा राहिलो, आणि मग उत्तर एवढं लांबलं की ते वेगळं टाकावं लागतंय.

बाकीच्या वाचकांना संदर्भ असावा म्हणून सांगतो. सपाट आरशावरच्या माझ्या लेखातल्या चार गोष्टी सरांना खटकल्या आहेत. ते बरीच वर्षं मुलांना विज्ञान शिकवतात. 'आरसा डावं-उजवं उलटवत नाही' हे माझं वाक्य पाठ्यपुस्तकाच्या विरोधात जातं आणि नवशिक्या मुलांना परीक्षेच्या तोंडावर गोंधळात टाकतं, ही मुख्य तक्रार. 'स्वतःच्या उंचीच्या निम्म्या आरशात अख्खा माणूस दिसतो, मग तो कितीही लांब उभा असो' हे त्यांच्या मते साफ खोटं, कारण मागे सरकलं की जास्त दिसतं आणि त्यांनी ते करून पाहिलंय. स्तंभिकेचं, म्हणजे जिच्याशी किरणांचे कोन मोजतात त्या आरशाला लंब असलेल्या रेषेचं, मी उगाच स्तोम माजवलं, असंही ते म्हणतात. आणि वस्तू आरशाच्या जेवढी पुढे तेवढीच प्रतिमा मागे, हा नियम त्यांच्या वर्गातल्या मुलांच्या, टाचण्या टोचून प्रतिमेची जागा शोधायच्या प्रयोगात एकदाही जुळलेला नाही, त्यावर मी चकार शब्द काढलेला नाही.

निम्म्या आरशापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. निदान निम्मी.

समजा माणूस १६० सेंटीमीटर उंच आहे आणि त्याचे डोळे जमिनीपासून १५० वर आहेत. पायाच्या बोटांवरून निघालेला किरण आरशावर आपटून डोळ्यात यायचा असेल, तर तो जमीन आणि डोळे यांच्या बरोबर मध्यावर, म्हणजे ७५ सेंटीमीटरवर आरशाला लागला पाहिजे. त्याहून खाली लागला तर आपतन कोन (येणाऱ्या किरणाचा) आणि परावर्तन कोन (परतणाऱ्या किरणाचा) सारखे येणार नाहीत. डोक्याच्या माथ्यावरून येणारा किरण तसाच १५० आणि १६० च्या मध्यावर, १५५ ला लागणार. म्हणजे आरसा हवा ७५ ते १५५, एकूण ८० सेंटीमीटर. या हिशेबात माणूस आरशापासून किती लांब आहे हा आकडा कुठेच आला नाही. मागे सरकलात की प्रतिमाही तेवढीच मागे जाते, आरशाची चौकट नेहमी दोघांच्या मधोमध असते, आणि शरीराचा तेवढाच भाग दिसत राहतो.

मग तुम्हाला जास्त का दिसलं? मी इथे अडकलो होतो, तेव्हा आमच्या आरशाशेजारी ओळंबा सोडून पाहिला. आरसा वरच्या कडेला भिंतीपासून सुटलेला, खाली टेकलेला. खिळा आणि दोरीवर टांगलेला जवळजवळ प्रत्येक आरसा असा पुढे झुकलेला असतो. आरसा ३ अंश झुकला की परावर्तित किरण ६ अंश वळतो, आणि वळलेला किरण जितका लांब जाईल तितका जास्त खाली घसरतो. आरशाची खालची कड डोळ्यांपेक्षा ४० सेंटीमीटर खाली धरा. आरसा सरळ उभा असता तर अर्ध्या मीटरवरून पाहा की दोन मीटरवरून, डोळ्यांखालचं ८० सेंटीमीटर शरीर दिसलं असतं. तीनच अंश झुकल्यावर मोघम हिशेबाने अर्ध्या मीटरवरून ८९ आणि दोन मीटरवरून १०२ दिसतं. तेरा सेंटीमीटर म्हणजे गुडघा दिसणं आणि न दिसणं यातला फरक! वरच्या बाजूने साधारण तेवढंच कमी झालं, पण ती डोक्यावरची रिकामी भिंत होती, तिच्याकडे कोण बघतो.

तेव्हा तुमचं निरीक्षण खरं. 'आरसा काटेकोर उभा हवा आणि आपणही ताठ उभं राहायला हवं' एवढं मी लिहायला हवं होतं, ते राहिलं. मूळ लेखात ते वाक्य आता घातलंय. तुमच्या आरशाच्या वरच्या कडेमागे कागदाच्या घड्या सारून, किंवा खालच्या कडेमागे चिमटा वगैरे अडकवून, तो ओळंब्यात आणा आणि आरशात गुडघा दिसतो तिथे साबणाने एक खूण करून पुन्हा मागे सरका.

थांबा, वरचं चुकलं. वरच्या कडेमागे काही सारलं तर आरसा आणखी झुकेल. फक्त खालची कड पुढे घ्यायची. असो, हे खोडत नाही. झुकण्याची दिशा डोक्यात किती सहज उलटते ते दिसू दे.

आता डावं-उजवं.

एक पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद घ्या, त्यावर मार्करने ठळक 'क' लिहा. कागद छातीशी असा धरा की तुम्हाला स्वतःला 'क' सुलट वाचता येतोय. तसाच आरशासमोर उभे राहा. आरशातला 'क' कसा दिसतो? सुलट. जसाच्या तसा, अक्षराचा दांडा तिथेच, पोट तिथेच. आता साध्या कागदावर 'क' लिहा आणि आरशाला दाखवा. उलटा दिसेल. फरक कुठे पडला ते हाताकडे लक्ष देऊन पाहा: साधा कागद आरशाला दाखवायचा म्हणून तुम्ही तो फिरवलात. डावं-उजवं तुमच्या मनगटाने केलं. कागद उभ्या अक्षाभोवती फिरवलात म्हणून अक्षर बाजूंनी उलटलं. हाच कागद कॅलेंडरचं पान उलटावं तसा खालून वर फिरवून दाखवला असता, तर तेच अक्षर डोक्यावर उभं राहिलेलं दिसलं असतं आणि डावी बाजू डावीकडेच राहिली असती.

वर्गात माझा याहून सोपा मार्ग आहे. आरशाकडे तोंड करून उजव्या भिंतीकडे बोट दाखवा, प्रतिमाही त्याच भिंतीकडे बोट दाखवते. छताकडे दाखवा, तीही छताकडे. आता बोट आरशाकडे रोखा. प्रतिमेचं बोट तुमच्यावर रोखलेलं असतं. उलटली ती ही एकच दिशा, आरशाला लंब असलेली. पुढचं मागे झालं, बाकी दोन दिशांना आरशाने हातही लावला नाही. आरसा जमिनीवर ठेवून त्यावर उभे राहिलात तर लंब दिशा वर-खाली असते, म्हणून तिथे पायाला पाय लावून उलटा माणूस दिसतो. आरशाचा नियम तोच, तो फक्त आडवा पडलाय.

पण मग प्रतिमेच्या उजव्या हातात घड्याळ का, जर माझं डाव्या हातात आहे? कारण 'उजवा हात' ही दिशा नाही, शरीराचा भाग आहे, आणि तो ठरवताना आपण प्रतिमेला माणूस समजतो. मनातल्या मनात आपण आरशाला वळसा घालून मागे जातो, पाठ फिरवतो आणि प्रतिमेच्या जागी उभे राहून तुलना करतो. ती पाठ फिरवताना डावं-उजवं आपणच बदललेलं असतं. वळसा न घालता आरशावरून कोलांटी मारून पलीकडे गेलो असतो तर हात जुळले असते, फक्त डोकं आणि पाय यांची अदलाबदल झाल्याची तक्रार केली असती. माणसं कोलांट्या मारत फिरत नाहीत, आणि आपल्या शरीराचे डावे-उजवे भाग दिसायला जवळजवळ सारखे असतात, म्हणून पहिली तुलना सहज सुचते. उजव्या हाताचा रबरी हातमोजा आतून बाहेर उलटा करा, तो डाव्या हातात बसतो. कुणी त्याचा अंगठा आणि करंगळी बदलली नाही, फक्त तळव्याची बाजू आणि पाठीची बाजू बदलली. आरसा हेच करतो.

पाठ्यपुस्तकाशी माझं भांडण नाही. प्रतिमेत बाजूंची अदलाबदल झालेली दिसते, हे वर्णन म्हणून ठीक आहे, परीक्षेत मुलांनी तेच लिहावं आणि गुण घ्यावेत. पण एखादी मुलगी हमखास विचारते, की आरसा बाजू उलटवतो तर डोकं खाली का करत नाही, आरशाला काय कळतं बाजू कुठली आणि उंची कुठली? हा प्रश्न गोंधळातून येत नाही, अक्कल चालवल्यामुळे येतो. 'पाठ कर' असं तिला सांगून गप्प बसवण्यापेक्षा मी प्लॅस्टिकचा कागद तिच्या हातात देईन. यावर आपलं पटणार नाही बहुतेक.

स्तंभिकेबद्दल थोडक्यात. आपाती, म्हणजे आरशावर येणारा, किरण आरशाशी ४० अंशांचा कोन करत असेल तर परावर्तित किरणही ४० चाच करतो, हे बरोबर, वहीच्या कागदावर तुमचं काहीच अडत नाही. अडतं ते कागदाबाहेर. आरशाच्या पृष्ठभागावर आपतन बिंदूतून असंख्य रेषा जातात, कोन त्यातल्या कुठल्या रेषेशी मोजायचा? लंब रेषा मात्र एकच. शिवाय नुसते 'कोन समान' म्हटलं तर किरणाला स्तंभिकेभोवतीच्या अख्ख्या शंकूवर कुठेही जायची मुभा मिळते. आपाती किरण, परावर्तित किरण आणि स्तंभिका एकाच प्रतलात असतात, हा दुसरा नियम ती मुभा काढून घेतो. मुलं त्याला भरतीचं वाक्य समजतात. मधोमध दुमडता येईल असा पांढरा पुठ्ठा आरशावर उभा करून त्यावरून टॉर्चची बारीक तिरीप सोडा, दोन्ही किरण पुठ्ठ्यावर दिसतील. मग पुठ्ठ्याचा परावर्तित किरणाकडचा अर्धा भाग मागे दुमडा. किरण पुठ्ठ्यावरून गायब.

कोन समानच का, हेही तुम्ही ओघात विचारलंय. अलेक्झांड्रियाच्या हेरॉन या ग्रीक गणितज्ञाने पहिल्या शतकात दिलेलं उत्तर मला अजून आवडतं: वस्तूकडून आरशाला लागून डोळ्याकडे जाणाऱ्या सगळ्या वाटांमध्ये समान कोनांची वाट सर्वांत आखूड असते. पडताळायला आरशाच्या रेषेवर कागद दुमडून वस्तूचा बिंदू पलीकडे उमटवा. पलीकडच्या त्या बिंदूपासून डोळ्यापर्यंत सरळ रेषा काढली की ती आरशाला जिथे छेदते तिथेच कोन समान येतात. आणि पलीकडे उमटलेला तो बिंदू म्हणजे प्रतिमेची जागा. दोन वेगळे नियम वाटतात, पण एका घडीत दोन्ही निघतात.

प्रतिमा 'खरोखर' मागे असल्यासारखी वागते, याचा पुरावा माझ्या नाकावर आहे. माझा नंबर उणे साडेतीन. चष्म्याशिवाय मला सुमारे २८ सेंटीमीटरपर्यंतच स्वच्छ दिसतं. चष्मा काढून छोटा आरसा २० सेंटीमीटरवर धरला तर आरशावरचा धुळीचा कण लख्ख दिसतो आणि माझाच चेहरा धूसर, कारण तो ४० सेंटीमीटरवर आहे. आरसा १० वर आणला की चेहराही स्वच्छ. खिडकीबाहेरचं झाड मात्र त्या आरशात कधीच स्पष्ट होत नाही, आरसा नाकाला टेकवला तरी. चष्मा नसलेल्यांनी फोनच्या कॅमेऱ्याने आरशावरच्या डागावर एकदा आणि आपल्या चेहऱ्यावर एकदा फोकस करून पाहावं.

राहिल्या तुमच्या टाचण्या. हा आक्षेप सगळ्यांत चांगला आहे आणि मुलांची चूक यात बहुधा नाहीच. साध्या आरशाची चकाकी, म्हणजे किरण परतवणारा मुलामा, काचेच्या मागच्या बाजूला असते. पुढून बोटाचं नख टेकवा, नख आणि त्याची प्रतिमा यांच्यात फट दिसते. मुलं पट्टी-आरशाच्या पुढच्या कडेने पेन्सिलची रेघ ओढतात. काच ४ मिलिमीटर जाड आणि टाचणी रेघेपुढे १० सेंटीमीटरवर असेल, तर प्रतिमा रेघेमागे साधारण १०.५ वर सापडणार. मग शहाणी मुलं मागच्या कडेने रेघ ओढतात, तर आता टाचणी १०.४ वर आणि प्रतिमा १०.१ वर! फरक उलट्या बाजूला गेला. कारण काचेतून पाहताना मागची चकाकी आहे त्यापेक्षा अलीकडे आल्यासारखी वाटते, पाण्याचा तळ वर आलेला वाटतो तशी. काचेचा अपवर्तनांक (काचेत शिरताना प्रकाश किती वळतो याचं माप) सुमारे १.५, म्हणून ती पुढच्या पृष्ठभागापासून जाडीच्या दोन तृतीयांश अंतरावर वाटते. ४ मिलिमीटरच्या काचेत ही जागा पुढून पावणेतीनच्या आसपास येते. आरसा रेघेवर असा ठेवा की रेघ काचेच्या जाडीत पुढून दोन भाग आणि मागून एक भाग सोडून जाईल, आणि आरशाकडे फार तिरकं न बघता टाचण्या टोचा. तरीही एखाद्या मिलिमीटरचा फरक उरला तर टाचणी तिरकी टोचली गेलीय का ते बघा, आमच्याकडे निम्म्या वेळा तेच निघतं.