टूलचा पुढचा अल्बम २०३२ मध्ये? हा हिशोब कुणी केला?

टूल या अमेरिकन बँडच्या सहाव्या अल्बमचा विषय निघाला की एक ठरलेला मजकूर फिरायला लागतो. थोडक्यात असा: 'आळशी लोक आहेत. गायकाला वाइन विकायची होती म्हणून तेरा वर्षं लटकवलं. हा दुसरा चायनीज डेमॉक्रसी, गन्स अँड रोझेस बँडचा तो वर्षानुवर्षं रखडलेला अल्बम. भाव वाढवायची सगळी नाटकं. एवढं करून हल्ली दहा मिनिटांची गाणी ऐकतंय कोण? २००६ नंतर थेट २०१९, म्हणजे पुढचा २०३२ मध्ये. तोवर यांचे हात चालणार नाहीत. वाट बघणं सोडा.'

मी वाट बघणाऱ्यांतला आहे, त्यामुळे तटस्थ असल्याचा आव आणत नाही. पण यातला एकेक मुद्दा तपासला की बरंच काही गळून पडतं.

आधी आळस. '१०,००० डेज' हा अल्बम २००६ मध्ये आला आणि 'फिअर इनॉक्युलम' ३० ऑगस्ट २०१९ला. मधली आठेक वर्षं हा बँड कोर्टकचेरीत अडकला होता, हे त्या मजकुरात कधीच नसतं. एका जुन्या मित्राने बँडच्या चित्रकामाच्या श्रेयावर हक्क सांगितला. विमा कंपनीने बँडची बाजू लढवायची, तर तिनेच बँडवर दावा ठोकला. मग बँडने उलटा दावा केला. २००७ला सुरू झालेलं हे लचांड २०१५ मध्ये निस्तरलं. ज्याच्या घरात जमिनीची केस चाललेली आहे त्याला विचारा, तारीख पे तारीख चालू असताना डोक्यात दुसरं काय शिजतं. तरी या काळात दौरे बंद नव्हते.

आता वाइन. गायक मेनार्ड जेम्स कीननची ॲरिझोनात द्राक्षबाग आहे, कॅड्युसियस सेलर्स नावाची वाइनरी आहे, हे खरंच. मधल्या काळात त्याने पुसिफर या दुसऱ्या बँडचे २००७, २०११ आणि २०१५ला अल्बम काढले, २०१८ला अ पर्फेक्ट सर्कल या आणखी एका बँडचाही काढला. म्हणजे माणूस रिकामा बसला नव्हता. मग टूलचंच काम का अडलं? तर टूलमध्ये गायकाचा नंबर शेवटचा असतो. गिटारिस्ट ॲडम जोन्स, बेसिस्ट जस्टिन चान्सेलर आणि ड्रमर डॅनी कॅरी हे तिघं आधी वाद्यांची पूर्ण इमारत उभी करतात. ती उभी राहिली की कीनन त्यावर चाल आणि शब्द चढवतो. त्यामुळे उशिराचं खापर गायकावर फोडणं म्हणजे गवंड्यांची कामं चालू असताना रंगाऱ्याला शिव्या देणं.

आणि तिघांना एवढा वेळ का लागतो, ते ऐकून पाहण्यासारखं आहे. 'स्किझम' या गाण्याची सुरुवात लावा. चान्सेलरचा बेस एकटाच सुरू होतो. मांडीवर ताल धरा: पाच मोजा, मग सात, पुन्हा पाच, पुन्हा सात. दोन-तीन फेऱ्यांत हात चुकतोच, आणि गाणं मात्र कुठेही अडखळत नाही. 'लॅटरॅलस' या गाण्याच्या ध्रुवपदात नऊ, आठ, सात असे गट एकामागून एक येतात. 'फिअर इनॉक्युलम'मध्ये सातावर किती खेळ केलाय ते सात मात्रांचा रूपक ताल येणाऱ्याला दुसऱ्या ऐकण्यात कळेल. कॅरीने आलोक दत्त यांच्याकडे तबल्याचे धडे घेतलेत, आणि ते त्याच्या वाजवण्यात दिसतं. समेवर यायची त्याला घाई नसते. लांबून वळसा घालतो आणि मग नेमका सापडतो. तिघंजण एकाच रिफला, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या सुरावटीच्या तुकड्याला, महिनोन्महिने उलटंपालटं करतात, मोडतात, पुन्हा जुळवतात. जमलं नाही तर ठेवून देतात. यावर 'मग सरळ चारात वाजवा ना' असं कुणी म्हणू शकतं. चारात वाजवणारे बँड पुष्कळ आहेत, त्यांचे अल्बम वेळेवर येतात, खुशाल ऐकावेत.

चायनीज डेमॉक्रसीशी तुलना तर फारच ढोबळ. २००८ला तो अल्बम येईपर्यंत गन्स अँड रोझेसमधल्या जुन्या वादकांपैकी स्लॅश नव्हता, डफ नव्हता, इझी नव्हता. गायक ॲक्सल रोझ होता आणि कीबोर्डवर डिझी रीड, बाकी माणसं येत-जात राहिली. टूलमध्ये १९९५ला चान्सेलर आला, त्यानंतर चौघांतला एकही बदललेला नाही. एक बँड फुटल्यामुळे रखडला, दुसरा एकत्र राहून रखडला. दोन्ही रखडणी एका मापाने कशी मोजायची?

भाव वाढवण्याच्या आरोपात मात्र थोडं तथ्य आहे. 'फिअर इनॉक्युलम'ची पहिली सीडी एका खोक्यात आली, उघडलं की चार इंची स्क्रीन, स्पीकर, चार्जिंगची सोय. सुंदर वस्तू, पण साध्या सीडीच्या कितीतरी पट किंमत, आणि सुरुवातीला साधी सीडी बाजारात नव्हतीच. त्यावर चिडलेल्यांना मी काही बोलणार नाही. पण खोकं महाग होतं म्हणून तेरा वर्षं खोटी ठरत नाहीत.

'ऐकतंय कोण' याला आकडेच पुरेत. २ ऑगस्ट २०१९ला यांची जुनी गाणी पहिल्यांदा स्ट्रीमिंगवर आली. महिन्याभरात नवा अल्बम आला आणि अमेरिकेत पहिल्या आठवड्यात विक्री आणि स्ट्रीमिंग मिळून २ लाख ७० हजार युनिट्सवर जाऊन पहिल्या क्रमांकावर बसला, टेलर स्विफ्टच्या 'लव्हर'ला खाली ढकलून. शीर्षकगीत दहा मिनिटांच्या वर, तरी बिलबोर्डच्या हॉट १०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत शिरलं. तोवर त्या यादीत एवढं लांब गाणं आलं नव्हतं. 'सेव्हनटेम्पेस्ट' तर पंधरा मिनिटांच्या वर, त्याला ग्रॅमी.

हात चालणार नाहीत म्हणे. कॅरीचा जन्म १९६१चा. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याने मंचावर 'न्यूमा' वाजवल्याचा, फक्त ड्रम्सवर कॅमेरे लावलेला व्हिडिओ कोटीच्या वर वेळा पाहिला गेलाय. तो बघून या मुद्द्यावर पुन्हा बोलू.

राहिलं २०३२. १९९३, १९९६, २००१, २००६, २०१९ ही मोठ्या अल्बमांची सालं. अंतरं साधारण साडेतीन, साडेचार, पाच आणि तेरा. शेवटच्या तेरातून कोर्टाची आठ वजा करा, पुन्हा पाचच उरतात. आयुष्य इतकं सरळ नसतं, कबूल, आणि २०१९ नंतरची पाच वर्षंही उलटून गेली. पण मार्च २०२०मध्ये महामारीने दौरा मध्येच तोडला, तो पुन्हा सुरू व्हायला जानेवारी २०२२ उजाडला, आणि त्याच वर्षी 'ओपिएट' या जुन्या गाण्याची नव्याने वाजवलेली लांब आवृत्ती आली. एकाच मोठ्या अंतरावरून पुढचं साल काढणं हे गणित नव्हे, टोमणा आहे.

नवा अल्बम अमक्या तारखेला येतोय, मीही सांगणार नाही. पण अल्बमचं नाव आणि गाण्यांची यादी फुटली म्हणून कुणी पाठवली तर लगेच नाचू नका. 'लॅटरॅलस' अल्बमच्या आधी या मंडळींनी स्वतःच 'सिस्तेमा आन्सेफाल' असं खोटं नाव आणि बारा खोटी गाणी जाहीर करून नॅप्स्टरवरून गाणी फुकट उतरवणाऱ्यांना गंडवलं होतं. मे २०१९ला खरी तारीख कळली ती अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये, कार्यक्रम संपल्यावर मंचामागच्या पडद्यावर.