ते पाणी यंत्रांचं होतं

'आसऱ्याच्या खोलीत पाण्याचा साठा होता म्हणून चिलीतले 33 खाणकामगार तगले' हे वाक्य खटकलं. 2010 मध्ये सान होसे खाणीत दरड कोसळून ते अडकले, तेव्हा सुमारे 700 मीटर खाली त्या खोलीत जेमतेम दोन-तीन दिवसांचा शिधा होता. शोध लागेपर्यंतचे 17 दिवस त्यांनी मुख्यतः यंत्रांसाठी आणलेलं टाक्यांमधलं पाणी पिऊन काढले, तेलाची चव असलेलं. याला तरतूद कसं म्हणायचं? नशीब म्हणा.

मी चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत बावीस वर्षं खाली उतरलोय. पाणी म्हणजे ज्याची त्याची कॅन, पाळी संपेपर्यंत कोमट झालेली. एकदा 'आणीबाणीसाठी' म्हणून ठेवलेला पिंप उघडला, तर तळाशी बोटभर बुळबुळीत थर! शेवटचं कधी भरलं, याची तारीख झाकणावर नव्हतीच.