ओझोन मोजायचा तर चिमणीपासून लांब जा

नाशिकच्या हवेचा विषय निघाला की आपण धुळीवर येऊन थांबतो. खोदलेले रस्ते, बांधकामं, पीएम टेन म्हणजे बारीक धूलिकण. 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, त्यातही सगळा भर धूलिकणांवरच. धूळ वाईट आहेच. पण जमिनीलगतच्या हवेतला ओझोन हा त्रासदायक वायू डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याच्याविरुद्ध कुणी भांडतही नाही, आणि हे मला मनापासून खटकतं.

ओझोन कुठल्याच चिमणीतून थेट बाहेर पडत नाही. कोळसा, डिझेल, फर्नेस ऑइल जळतं तिथून नायट्रोजनची ऑक्साइडं निघतात. रंग, थिनर, छपाईची शाई यांतून व्हीओसी, म्हणजे चटकन उडून जाणारे सेंद्रिय वायू सुटतात. नायट्रोजन डायऑक्साइड उन्हात फुटतो, सुटलेला ऑक्सिजनचा अणू हवेतल्या ऑक्सिजनला जाऊन मिळतो आणि ओझोन तयार होतो. एरवी मागे उरलेला नायट्रिक ऑक्साइड तो लगेच खाऊन टाकतो. व्हीओसी मध्ये आले की नायट्रिक ऑक्साइडचा परत डायऑक्साइड होतो, पण त्यासाठी ओझोन खर्च होत नाही. मग तो साठत जातो.

चिमणीच्या ताज्या धुरात नायट्रिक ऑक्साइड भरपूर असतो, म्हणून तिच्या जवळ ओझोन कमीच भरतो. धुराचा लोट वाऱ्याबरोबर पुढे सरकतो, शहरातल्या गाड्यांचे आणि कारखान्यांचे वायू त्यात मिसळतात, आणि भर दुपारी कित्येक किलोमीटर पुढच्या गावात ओझोन चढलेला असतो. चिमणी उंच बांधली की शेजारच्या वस्तीला धूर कमी लागतो हे खरं, पण ही ऑक्साइडं नाहीशी होत नाहीत, लांब जातात.

अमेरिकेत ह्यूस्टनला 2000 साली शास्त्रज्ञांनी विमानातून असे लोट मोजले. पेट्रोकेमिकल कारखान्यांच्या लोटांमध्ये ओझोन फार वेगाने तयार होत होता. एथिलीन, प्रोपिलीनसारखे वायू सरकारदरबारी नोंदवलेल्या आकड्यांपेक्षा कितीतरी पट जास्त निघत होते. कागदावरच्या उत्सर्जनावर विसंबून शहराचा ओझोन कळत नाही, हे तिथे दिसलं.

आपल्याकडे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात 210 मेगावॉटचे तीन कोळशाचे संच आहेत, सातपूर-अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहती आहेत, मुंबई-आग्रा हायवे आहे. अंबडमध्ये एखाद्या छोट्या स्प्रे पेंटिंगच्या शेडसमोर एप्रिलच्या दुपारी उभं राहून बघा. झाकण न लावलेला थिनरचा डबा, थिनरने पुसून कोपऱ्यात टाकलेली फडकी, उन्हात वाळायला ठेवलेले पार्ट. तो जो वास नाकात जातो, तोच ओझोनचा कच्चा माल. ना चिमणी, ना धूर, त्यामुळे याचा हिशेब कुणी मागत नाही.

आणि उन्हाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेचा. पुढे काय आहे? ओझर, पिंपळगाव, निफाड. द्राक्षबागा.

द्राक्षाच्या पानाला ओझोन सोसत नाही. कॅलिफोर्नियात 1950 च्या दशकातच हे लक्षात आलं होतं. जुन्या पानांच्या वरच्या बाजूला, शिरांच्या मधल्या जागेत बारीक तपकिरी ठिपके पडतात आणि पान वेळेआधीच पिकतं. आपल्या खरड छाटणीनंतरची, म्हणजे द्राक्षाच्या उन्हाळी छाटणीनंतरची नवी फूट नेमकी एप्रिल-मेच्या उन्हात वाढते, आणि पुढच्या हंगामाची घडनिर्मिती त्याच काडीवर ठरते. असे ठिपके दिसले की शेतकरी करपा समजून फवारणी वाढवणार, दुसरं करणार काय? त्याच्या आसपास ओझोन किती आहे, हे त्याला सांगणार कोण?

माणसाच्या फुप्फुसालाही ओझोन झोंबतो. दमेकऱ्यांना, भर उन्हात काम करणाऱ्यांना जास्त. आपलं राष्ट्रीय मानक 2009 पासून आठ तासांसाठी 100 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, जागतिक आरोग्य संघटनेइतकंच कडक. मानक चांगलं आहे. ते पाळलं जातं का हे पाहायला यंत्र योग्य जागी हवं.

फक्त नायट्रोजनची ऑक्साइडं कमी करूनही भागत नाही. 2020 च्या लॉकडाउनमध्ये चीन आणि युरोपातल्या अनेक शहरांत वाहनं थांबली, ही ऑक्साइडं घटली, त्यांतला ओझोन खाणारा नायट्रिक ऑक्साइडही घटला, आणि ओझोन मात्र वाढला. थिनरचा आणि कोळशाचा बंदोबस्त एकत्रच करावा लागेल. पेंट शॉपना बंदिस्त बूथ आणि वायू शोषणारी यंत्रणा सक्तीची हवी, आणि लहान उद्योजकाला त्यासाठी अनुदान मिळायला हवं. तो एकटा हा खर्च पेलू शकणार नाही.

प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माझी पहिली मागणी मात्र साधी आहे. ओझोन मोजणारं एक कायमचं केंद्र शहराबाहेर वाऱ्याच्या दिशेला, ओझर किंवा निफाडकडे बसवा, आणि मार्च ते मे दर तासाचा आकडा शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीत जाऊ द्या. तिकडचे जे कुणी हे वाचत असतील, त्यांनी ग्रामसभेत हा ठराव मांडावा. मसुदा मी लिहून देतो.