आधी मत, मग बातमी

सकाळचे साडेसात. गोव्यात फोंड्याच्या वरच्या बाजारातल्या नेहमीच्या हॉटेलात तुमच्यापुढे पातळभाजीची बशी आणि दोन पाव आलेत. एवढ्यात मोबाईल थरथरतो आणि मथळा दिसतो: अमेरिकेतल्या अमक्या कंपनीने तमकं काढलं, आता ढमका धंदा बुडणार. तुमच्या हाताशी वेळ फार तर चार मिनिटं. पलीकडच्या टेबलावरच्या मास्तरांनाही तोच मथळा आलाय आणि ते चष्मा शोधताहेत. चष्मा सापडायच्या आत मत दिलं नाहीत, तर आजचा दिवस तुम्ही श्रोते. उद्या नवा मथळा येईल म्हणा, पण आजची भाजी गार झाली ती झालीच.

तेव्हा पहिलं पथ्य: बातमी उघडू नका. उघडली की आधी कुकीज मान्य आहेत का ते विचारतात, मग गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात अर्धा पडदा अडवते, मग म्हणतात वर्गणी भरा. एवढं सोसून आत गेलात तर हाती काय लागतं? ‘शक्यता आहे’, ‘असा कंपनीचा दावा आहे’, ‘चाचणी मर्यादित होती’. असल्या तीन वाक्यांनी चांगलं धष्टपुष्ट मत अंथरूण धरतं. मी एकदा अख्खी बातमी वाचून हॉटेलात गेलो होतो. कोणीतरी विचारलं, तर म्हणालो, ‘तसं नक्की सांगता येणार नाही.’ त्यानंतर आठवडाभर माझ्या टेबलावर कोणी बसलं नाही.

मतं दोनच. एक, ‘आता संपलं सगळं.’ दुसरं, ‘ह्यात नवीन काय? आमच्या आजीला हे ठाऊक होतं.’ ‘पळोवया’ (म्हणजे ‘बघूया’) नावाचं तिसरं मत गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, पण ते टेबलावर चालत नाही. ‘पळोवया’ म्हणणाऱ्याला वादात कोणी घेत नाही आणि शेवटी बिलही तोच भरतो, कारण वेटर आलेला फक्त त्यालाच दिसतो.

आजीचं मत नवशिक्यांना बरं. अमेरिकेत ज्युसेरो नावाचं रस काढायचं यंत्र निघालं होतं, किंमत ६९९ डॉलर. त्याला वाय-फाय लागायचं आणि आत चिरलेल्या फळभाज्यांच्या कंपनीच्याच पिशव्या घालाव्या लागायच्या. एप्रिल २०१७ मध्ये ब्लूमबर्गच्या बातमीदारांनी त्याच पिशव्या हातांनी पिळून दाखवल्या. रस जवळजवळ तेवढाच निघाला. सप्टेंबरात कंपनी गुंडाळली. अशी एक बातमी वर्षभर पुरते. आदोळीवर (विळीवर) नारळ खवून, हातांनी पिळून सोलकढी करणाऱ्या आजीचं नाव घ्यायचं आणि गप्प बसायचं. फक्त मागच्या रविवारी दुकानातून नारळाच्या दुधाचं पाकीट तुम्हीच आणलंत, हे माहीत असलेलं कोणी शेजारी नाही ना, तेवढं बघून घ्या. पुढे २०२४ मध्ये ह्यूमेन नावाच्या कंपनीने छातीवर लावायची एआय पिन काढली, तीही ६९९ डॉलरलाच. (हा आकडा तिकडे शुभ मानतात की काय?) २०२५च्या फेब्रुवारीअखेर ती कायमची मुकी झाली. आजीला दुसऱ्यांदा बोलवा, ती कंटाळत नाही.

‘संपलं सगळं’ला मात्र छाती लागते, आणि मुरलेला माणूस तेच निवडतो. आमच्या मास्तरांचंच बघा. २०२१ साल आठवा. मार्चमध्ये ट्विटरच्या संस्थापकांपैकी जॅक डॉर्सी यांचं पहिलंवहिलं ट्विट एनएफटी (म्हणजे डिजिटल वस्तूच्या मालकीचा दाखला) म्हणून २९ लाख डॉलरना गेलं. ऑक्टोबरात फेसबुक कंपनीने स्वतःचं नाव मेटा ठेवलं. नोव्हेंबरात डिसेंट्रालँड नावाच्या आभासी दुनियेतला एक प्लॉट साधारण २४ लाख डॉलरना विकला गेला. आता प्लॉट म्हटलं की गोवेकराच्या अंगात वारं येतं. मास्तरांनी बशी बाजूला सारून विचारलं: वन-फोर्टीनवर (म्हणजे आमच्या सातबाऱ्यावर) नाव कोणाचं? मुंडकार (मालकाच्या जमिनीत घर करून राहिलेला) आहे का? असला तर त्याला उठवणार कसा, तोही आभासी असणार. झोन कुठला? ऑर्चर्ड (बागायती) असेल तर सेटलमेंट (वस्तीचा) करून मिळेल? आणि जमीन कोमुनिदादची (गावाच्या सामाईक संस्थेची) नाही ना?

ह्या प्रश्नांसाठी मी मास्तरांना आजही मानतो. पैसे मोजणाऱ्यांपैकी एकाने जरी मुंडकाराचं विचारलं असतं, तरी माझा तंत्रज्ञानावरचा विश्वास वाढला असता. पण प्रश्न विचारून थांबेल तो मास्तर कसला. त्यांनी मत दिलं: ‘दहा वर्षांनी आसगावात जमीन फुकट दिली तरी कोण घेणार नाही. सगळे त्यातच राहायला जाणार.’ आणि रात्री तेच वाड्याच्या ग्रूपवर टाकलं, खाली दोन हात जोडून.

आज आसगावात भाव काय चाललाय तो दलालाला विचारा, मी सांगत नाही, रक्तदाबाचा त्रास आहे. तिकडे त्या ट्विटच्या मालकाने एप्रिल २०२२ मध्ये ते ४ कोटी ८० लाख डॉलरना विकायला काढलं. लिलाव संपला तेव्हा सर्वांत मोठी बोली होती २८० डॉलरच्या आसपास. हे मास्तरांना सांगून बघा. ते म्हणतील, ‘मी तेव्हाच बोललो होतो.’ आणि शेजारचे तिघे मान डोलावतील, कारण मास्तर तेव्हा बोलले होते हे त्यांना पक्कं आठवतं. काय बोलले ते कोणाला आठवतं? म्हणून मत नेहमी मोठ्या आवाजात द्यावं. ऐकणाऱ्याच्या लक्षात आवाज राहतो.

(आसगावच्या कॅफेत लॅपटॉप उघडून बसलेली, बंगळुरू-मुंबईहून आलेली मंडळी हेच करतात. त्यांचं मत इंग्रजीत असतं आणि त्यांच्या एका कॉफीच्या पैशांत आमच्या अख्ख्या टेबलाची भाजी-पाव होते. बाकी आमच्या मास्तरांत आणि त्यांच्यात मला फरक दिसलेला नाही.)

भाकिताला मुदत किती द्यावी, हा नाजूक विषय आहे. एआयच्या क्षेत्रातले मोठे शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन २०१६ मध्ये म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे, स्कॅन वाचणारे डॉक्टर) तयार करणं आता थांबवावं, पाच वर्षांत हे काम यंत्र माणसापेक्षा चांगलं करेल हे उघड आहे. फार तर दहा लागतील, असंही जोडलं. ‘फार तर दहा’ ही खरी कारागिरी. पाच वर्षं होऊन गेली, रेडिओलॉजिस्ट आहेत तिथेच आहेत, आणि हिंटन यांना २०२४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. नोबेल दुसऱ्याच कामासाठी होतं, पण तुम्ही ते सांगत बसू नका. उलट उदाहरण इलॉन मस्क यांचं. एप्रिल २०१९ मध्ये ते म्हणाले, पुढच्या वर्षी दहा लाखांहून अधिक बिनचालकाच्या टॅक्सी रस्त्यावर असतील. पुढचं वर्ष म्हणजे २०२०. त्या वर्षी रस्त्यावर कोण होतं ते तुम्हाला आठवत असेल: दांडकेवाला पोलीस. एका वर्षाची मुदत मस्क यांना परवडते, तुम्हाला नाही. तुम्हाला रोज त्याच हॉटेलात यायचंय.

गोव्यापुरतं मात्र बिनचालकाच्या टॅक्सीचं भाकीत बेधडक करा: येणार नाही. ओला-उबरला इथे पाय रोवता आले नाहीत. २०१८ मध्ये गोवामाईल्स हे टॅक्सीचं अ‍ॅप आलं, तेव्हापासून अ‍ॅप हा शब्द टॅक्सीस्टँडवर हळू आवाजात उच्चारतात. चालकाला सोबत घेऊन आलेल्या अ‍ॅपची ही गत, तर चालकाला घरी ठेवून आलेल्या गाडीचं काय होईल? ती अडवली तर काच खाली करून वाद घालायला आत कोणी नाही, आणि वाद नाही म्हटल्यावर अडवणाऱ्यालाही मजा नाही. झाली सुटका तर एवढ्यानेच होईल.

रस्त्याचा विषय निघालाय म्हणून सांगतो. २०१९च्या अखेरीस बागाच्या वाटेवरच्या एका फलकाचा फोटो सगळीकडे फिरला होता. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की गूगल मॅप्सने तुम्हाला फसवलंय, हा रस्ता बागा बीचला जात नाही, मागे फिरा आणि डावीकडे वळा. तंत्रज्ञानावरची इतकी नेटकी प्रतिक्रिया मी दुसरी पाहिलेली नाही. काय चुकलं, कोणाचं चुकलं, आता काय करायचं, सगळं एका कापडावर. म्हणूनच तिचा कित्ता तुम्ही गिरवू नका. तुमची प्रतिक्रिया वाचून कोणी योग्य ठिकाणी पोचता कामा नये.

एआयवर काय म्हणायचं, हे हल्ली सगळेच विचारतात. हा विषय फार सोपा आहे, कारण ह्यात दोन्ही मतं एकाच वाक्यात बसतात: ‘सगळ्यांच्या नोकऱ्या जाणार, पण त्याला काही येत नाही.’ पुरावा दोन्ही बाजूंनी भरपूर. मे २०२४ मध्ये गूगलच्या शोधात वरच्या वर एआयची उत्तरं दिसू लागली. पिझ्झ्यावरचं चीज घसरतं, काय करावं? सॉसमध्ये थोडा गोंद घालावा. हे कोणीतरी दहाएक वर्षांपूर्वी रेडिटवर थट्टेने लिहिलेलं होतं. रोज निदान एक लहान दगड खावा, हा दुसरा सल्ला. तो एका विनोदी बातमीपत्रातून उचललेला. हे लिहिताना मला जरा धास्तीच वाटते. उद्या एखाद्या यंत्राने हा लेख गिळला आणि परभणीच्या कुणा मुलाने विचारलं, तंत्रज्ञानाच्या बातम्या कशा वाचाव्यात, तर उत्तर येईल: उघडू नयेत, सोबत पातळभाजी घ्यावी. यंत्रा, बाबा रे, हे उपरोधाने लिहिलंय. (हे वाक्यही ते उपरोधानेच घेणार.)

आणि विषय डोक्यावरून जात असला, तर भाषेवर आणा. हे आम्हां गोवेकरांचं खास शस्त्र, बाहेर कोणाकडे नाही. मे २०२२ मध्ये गूगल ट्रान्सलेटमध्ये कोकणी आली. भाषांतर बरोबर होतं की नाही, हे तपासायचं आमच्या ग्रूपवर एकाच्याही मनात आलं नाही. पहिली प्रतिक्रिया अभिनंदनाची. दुसरी: देवनागरीच का, रोमी (रोमन लिपीतली) का नाही? तिसरी: मराठी तिथे कधीपासून आहे, ह्याचा अर्थ समजून घ्या. चौथी: अर्थ आम्हाला नका शिकवू, १९८७चा राजभाषा कायदा आधी वाचा. पाचवीत कायदा वाचलेल्याने मराठीच्या वापराचं कलम टाकलं, सहावीत कोणीतरी कोणाचा तरी आजा काढला, आणि सातवीला १६ जानेवारी १९६७चा जनमत कौल (गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, ह्यावरचा) येऊन पोचला. मी कडवा मराठीवाला, माझा मावसभाऊ कडवा कोकणीवाला. त्या रात्री फोनवर आम्ही दीड तास भांडलो, ते ज्या भाषेत भांडलो ती अजून कुठल्या यंत्राला आलेली नाही. तात्पर्य, क्वांटम संगणक म्हणजे काय हे ठाऊक नसलं तरी बिघडत नाही. तो मराठीत चालणार की कोकणीत, एवढं विचारा आणि आरामात पाव मोडा.

सगळं बंद पडण्याचे दिवस मात्र खडतर. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम सहाएक तास बंद होतं. ते बंद पडलंय ह्यावर द्यायला मत तयार, पण टाकायचं कुठे? माणसं घराबाहेर आली, एकमेकांकडे बघून परत आत गेली. १९ जुलै २०२४ त्या मानाने सुखाचा गेला. क्राउडस्ट्राइक ह्या संगणक-सुरक्षेच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरचे साधारण ८५ लाख संगणक निळे पडले, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले, आणि व्हॉट्सअ‍ॅप चालू होतं. ‘बघा, शेवटी पेनच कामाला आलं’ असं मी तत्काळ ग्रूपवर टाकलं. टाकता टाकता पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलीला अडकवलेल्या क्यूआरवर उंड्यांचे पैसे भरत होतो, खिशात पेन नव्हतं.

राहता राहिलं, चुकलेल्या भाकिताचं काय करायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूर सगळ्यांच्या फोनवरून पुसायला दोन दिवस आणि वर काही तास मिळतात. भाकीत चुकलंय हे कळायला लागतात दोन-तीन वर्षं. कंपनीने ह्यात लक्ष घालायला हवं, पण तिकडे मोठी माणसं मोठ्या कामात असतात. तेवढ्यात कोणीतरी पुतण्या चवथीला घरी येतो, माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची मांडणी) बांधून झाल्यावर त्याला काम नसतं, आणि तो जुना स्क्रीनशॉट ग्रूपवर टाकतो. डगमगायचं नाही. लिहायचं, ‘त्या दिवशी आमच्याकडे वीज नव्हती, रेंज नव्हती, हे मी पाठवलेलंच नाही.’ तारीख जून ते सप्टेंबरमधली असली, तर अख्ख्या गोव्यात ह्यावर पुढे कोणी काही विचारत नाही.

मास्तर नेमके नोव्हेंबरात बोलले होते.