क्लच स्लिप होतो? होऊ द्या ना भाऊ

आधी अभिनंदन. बाइकच्या इंजिनाचा बोअर वाढवला, पिस्टन मोठा टाकला, कार्ब्युरेटर बदलला, सायलेन्सर तर असा लावला की गाडी नागपुरात फुटाळ्यावर आली हे धरमपेठेत कळते. एवढा खर्च झाल्यावर क्लचसाठी पैसे कुठून उरणार, आणि उरले तरी क्लच दिसतो कोणाला? तो बिचारा ऑइलमध्ये बुडून बसलेला. जुन्याच स्प्रिंगा, जुन्याच प्लेटा, त्यांनी ही नवीन ताकद पकडून ठेवायची, काहून नाही ठेवणार?

मग वर्धा रोडवर टॉप गिअरमध्ये पूर्ण रेस पिळा. आवाज वाढते, आरपीएमचा काटा वर पळते, स्पीडचा काटा तिथंच बसून राहते (हाच तो स्लिप), आणि मागून एक काका एक्सएल मोपेडवर संत्र्याचे दोन खोके बांधून आरामात पुढे निघून जातात. घाबरायचं नाही, अजून पिळायचं. जळका वास आला तर नाक झाका. (समृद्धी महामार्गावर टू-व्हीलरला बंदी आहे हे तुमच्या क्लचचं नशीब.)

उपाय करायचाच असेल तर महागडा करा. क्लच वायर जास्त ताणलेली आहे का, लिव्हरला थोडा मोकळा प्ले आहे का, असलं फुकटचं बघणं आपल्याला शोभत नाही. प्ले नसला तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहते, राहू द्या. ऑइल कारचंच टाका, घरी डब्यात उरलंच आहे. बाइकच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं असते ते डिझाइन असेल. कारच्या पातळ ऑइलमध्ये बहुतेक वेळा घर्षण कमी करणारं काहीतरी टाकलेलं असते, आणि तुमचा क्लच घर्षणावरच चालतो, पण एवढा विचार कोण करून राहिलं.

नवीन प्लेटा आणल्या तर कोरड्याच बसवा. ऑइलमध्ये भिजत ठेवायला तो काय साबुदाणा आहे?

माझी गाडी मी याच शास्त्राने चालवली. शेवटी मिस्त्रीने क्लच उघडला, एक स्टीलची प्लेट काढून काचेवर ठेवली. निळी पडली होती, मोराच्या पिसासारखी. बोटाने दाबली तर टकटक हलली, खालून फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पट्टी आरपार गेली, म्हणजे प्लेट वाकडी. मी म्हटलं, फ्रिक्शन प्लेटा तेवढ्या बदल, स्टीलच्या राहू दे, पैसे वाचतात. तो माझ्याकडे बघतच राहिला, म्हणे, "भाऊ, पावर वाढवली ते ठीक, पण पकडणार कोण तिले?"

मी म्हटलं मग स्प्रिंगाच सगळ्यात कडक टाक. टाकल्या त्याने. आता स्लिप बिलकुल नाही, फक्त लिव्हर दाबायला दोन माणसं लागतात. मे महिन्यात दुपारी व्हरायटी चौकाच्या सिग्नलला गाडी गिअरमध्ये, क्लच दाबून उभा होतो, डावा हात थरथरून राहिला, सिग्नलवर अजून ४० सेकंद बाकी, आणि तेवढ्यात वायर तुटली. गाडीने एक उडी मारली, बंद पडली. मागचा रिक्षावाला म्हणे, "पावरफुल दिसते!"